फोटो काढण्यापूर्वी

श्रोतेहो, आमच्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीच्या दिवशी रथ निघतो. जळगाव शहर वाढत वाढत आमच्या गावाला येऊन मिळाले, आणि पिंप्राळा आता महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पण रथाच्या दिवशी ते पुन्हा पहिल्यासारखे गाव होते. ज्यांना पंढरपूरला जाणे जमत नाही अशी आसपासच्या खेड्यांतली माणसे विठ्ठलाच्या दर्शनाला इकडे येतात. अलीकडे या गर्दीत एक नवी गोष्ट दिसते. रथ जरा पुढे सरकला की शेकडो हात वर होतात, आणि त्यांतल्या कितीतरी हातांत मोबाइल असतात. त्या एका दिवसात किती फोटो निघत असतील त्याची गणती नाही. पण त्याच गावात एखाद्या घरचे वडीलधारे माणूस गेले, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचा मुलगा फोटोच्या दुकानात उभा राहिलेला दिसतो. त्याच्या हातात आधार कार्ड असते. तो म्हणतो, "यातला फोटो जरा मोठा करून द्या."

इतके फोटो निघतात, आणि तरी वेळेला आपल्या माणसाचा एक धड फोटो घरात सापडत नाही, हे कसे होते? त्याचे उत्तर मला एका फोटोग्राफरकडून मिळाले. माणसाचा फोटो काढण्यापूर्वी जाणता फोटोग्राफर कोणकोणती तयारी करतो, हे मी जवळून पाहिले. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे. मी स्वतः फोटोग्राफर नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवणारा माणूस. तेव्हा यंत्राविषयी मी थोडेच बोलेन. माणसाविषयी थोडे अधिक बोलेन.

प्रथम घरची गोष्ट सांगतो. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. दरवर्षी वर्गाचा समूहफोटो निघे आणि मधल्या खुर्चीवर वडील बसलेले असत. अशा फोटोंची एक चळतच घरी आहे. ते वारले तेव्हा भिंतीवर लावण्यासाठी फोटो पाहू लागलो, तर त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो निघेना. समूहफोटोत त्यांचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. शेवटी ओळखपत्रावरचा फोटो एका दुकानात मोठा करायला दिला. दुकानदाराने आपल्या समजुतीने तो सुधारला. मागे निळा पडदा आला. कपाळावरचा लहानपणचा व्रण गेला. गालांवरच्या सुरकुत्या गेल्या. आणि जन्मात कधी कोट न घातलेल्या माझ्या वडिलांच्या अंगावर संगणकाने काळा कोट चढवला. आईने तो फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "फोटो त्यायचा असीन, पन हे ते नाहीत."

तिने त्याला हार घातला. रोज घालते. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही.

आईने आता पंच्याहत्तरी ओलांडली आहे. गेल्या मार्गशीर्षात मी ठरवले, की तिचा तरी फोटो वेळेवर आणि नीट काढून घ्यायचा. आमच्या भागात एक जुने फोटोग्राफर आहेत. लग्नकार्यात त्यांना बोलावतात. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटले, "रविवारी अकराला घरी या, आईचा फोटो काढायचा आहे." मला वाटले, ते दर सांगतील आणि वहीत वेळ टिपून घेतील. ते म्हणाले, "सर, उद्या सकायी येतो. पन कॅमेरा आनत नाही."

कॅमेऱ्याशिवाय फोटोग्राफर कशाला येतो, हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी आप्पा आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: फोटो कशासाठी हवा आहे? तो कुठे लावायचा आहे आणि केवढा? मी म्हटले, त्याने काय फरक पडतो? ते म्हणाले, पुष्कळ पडतो. जो फोटो भिंतीवर उंच लावायचा आणि दहा फुटांवरून पाहायचा, त्यात चेहरा मोठा आणि मागची बाजू साधी हवी. जो फोटो हातात धरून पाहायचा, त्यात हात, माळ, उंबरठा हे सारे आले तरी चालते. ओळखपत्रासाठी काढायचा त्याचे नियम आणखी निराळे. काम काय आहे ते आधी कळले, तरच काम ठरवता येते.

नंतर ते आईशी बोलत बसले. दिसायला त्या नुसत्या गप्पा होत्या. परंतु आप्पा पाहत होते. आईला डाव्या कानाने कमी ऐकू येते. त्यामुळे कुणी बोलू लागले की ती उजवी बाजू पुढे करते. आप्पा उठताना मला म्हणाले, "मावशीचा चेहरा उजवीकडूनच घ्यावा लागीन. ऐकताना त्यायची मान तशीच वयते. तुम्ही रोज पाहता, म्हनून तुमच्या ध्यानात येत नाही." आणखी एक गोष्ट त्यांनी हेरली होती. कुणी काही चुकीचे सांगितले, की आईला राहवत नाही. ती लगेच ते दुरुस्त करते आणि त्या वेळी तिच्या डोळ्यांत मोठी चमक येते. तिला दिवसातल्या कोणत्या वेळी बरे वाटते, हेही त्यांनी विचारून घेतले. पूजा आटोपल्यावर, नऊच्या आत ती ताजीतवानी असते. जेवणानंतर डोळे जड होतात. म्हणजे माझी अकराची वेळ तिथेच रद्द झाली.

आता क्षणभर थोडे मागे जाऊ, म्हणजे आपली माणसे कॅमेऱ्यासमोर अशी ताठ का होतात ते कळेल. पॅरिसमध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत १८३९ साली जाहीर झाली, आणि थोड्याच काळात ही विद्या हिंदुस्थानात पोचली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे तिच्यात होती. हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच काळात मुंबईत फोटोचा व्यवसाय मांडला. पण त्या वेळचे काम किती अवघड! काचेला रसायन लावायचे, ते ओले आहे तोवर फोटो काढायचा आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन काच धुवायची. फोटो उमटायला कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ माणूस हलला की चेहरा पुसट झालाच म्हणून समजा. म्हणून बसणाऱ्याच्या मानेमागे लोखंडी टेकू लावीत आणि सांगत, हलू नका. त्या काचांना लाल रंग दिसत नसे. लाल पागोटे आणि कुंकू फोटोत काळे उमटे. कोणते वस्त्र नेसून यावे, हेसुद्धा फोटोग्राफरला आधी सांगावे लागे.

जुन्या फोटोंतले आपले पणजोबा रागावलेले दिसतात, ते खरे रागावलेले नसत. ते हलू नये म्हणून जपत असत. पुढे रसायने सुधारली. आज सेकंदाच्या शंभराव्या भागात, किंवा त्याहूनही कमी वेळात, फोटो निघतो. टेकू गेला, पण सवय राहिली. कॅमेरा समोर आला की आपण आजही श्वास रोखतो आणि गुडघ्यांवर पंजे ठेवतो.

आणि नुसते ताठ होणेच नव्हे, भीतीही होती. ज्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला ते दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्रा आणि बडोदा येथे फोटोचा धंदा केला होता. बडोद्यात लोकांचा असा समज पसरला, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. त्यापायी त्यांचा धंदा चालेना. तेव्हा फोटोग्राफरची पहिली तयारी म्हणजे समोरच्या माणसाचा धीर वाढवणे. ती काही नवी युक्ती नव्हे. ती या धंद्याच्या जन्मापासूनची गरज आहे.

दुसरी तयारी उजेडाची. आपल्या खानदेशातले ऊन तुम्हाला मी काय सांगावे! उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. पण फोटोच्या दृष्टीने हिवाळ्यातले भर दुपारचे ऊनही वाईटच. कारण सूर्य डोक्यावर असला की कपाळाची सावली डोळ्यांवर पडते, नाकाची ओठांवर पडते, आणि डोक्याला टोपी असेल तर अर्धा चेहराच अंधारात जातो. त्यात उन्हाने डोळे बारीक होतात ते वेगळेच.

आप्पांनी मला उजेडाचे गणित समजावून दिले ते फार सोपे आहे. दिवा आपल्याला जितका लहान दिसतो, तितकी सावलीची कड धारदार. दिवा जितका मोठा, तितकी सावली मऊ. सूर्य आहे प्रचंड, पण तो इथून दिसतो टिकलीएवढा. म्हणून उन्हातली सावली चाकूने कापल्यासारखी पडते. आभाळ भरून आले, की सगळे आभाळच एक मोठा दिवा होते. मग चेहऱ्यावरचा प्रत्येक भाग उजळतो आणि सुरकुतीसुद्धा हळुवार दिसते. असाच मोठा दिवा आपल्या प्रत्येकाच्या घराला आहे. तो म्हणजे दार. ज्या दारातून थेट ऊन येत नाही, पण मोकळे आभाळ दिसते, अशा दाराच्या आत हात-दोन हातांवर माणसाला बसवावे. तोंड सरळ दाराकडे न करता थोडे तिरपे करावे. म्हणजे एक गाल उजळ राहतो, दुसऱ्यावर मंद सावली येते, आणि चेहरा भरीव दिसतो. सावलीची बाजू फारच काळवंडली, तर त्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर धरावी. पांढऱ्या कापडावरून उजेड परततो आणि गालावर पडतो. शहरातले फोटोग्राफर यासाठी खास पडदे विकत घेतात. आप्पांनी आमच्या घरातले धुतलेले धोतर मागून घेतले.

आप्पांनी एक कोरा कागद हातात घेतला आणि घरभर फिरून तो निरनिराळ्या जागी धरून पाहिला. आमच्या मधल्या खोलीची भिंत पोपटी आहे. तिच्याजवळ कागद पोपटी दिसू लागला. अंगणात निळी ताडपत्री बांधली होती. तिच्याखाली तो निळसर झाला. कागदाचे जे होते तेच चेहऱ्याचे होते, पण आपली नजर ते सावरून घेते आणि कॅमेरा सावरत नाही. रंगीत मांडवाखाली काढलेल्या लग्नाच्या फोटोंत माणसे आजारी का दिसतात, ते मला त्या दिवशी कळले. शेवटी पडवीचे उत्तरेकडचे दार पक्के झाले. आणि बरं का, आप्पांनी मलाच तिथे सव्वाआठ वाजता बसवून पाहिले. माझ्या चेहऱ्यावर उजेड कसा पडतो ते बघितले आणि खुर्चीच्या पायांशी खडूने खुणा केल्या. त्यामुळे रविवारी आईला 'जरा इकडे, जरा तिकडे' करावे लागले नाही. म्हाताऱ्या माणसाला उठवबस करायला लावली की ते कंटाळते, आणि कंटाळा चेहऱ्यावर उतरतो.

तिसरी तयारी कपड्यांची आणि मागच्या बाजूची. आईने पेटीतली रेशमी साडी काढून ठेवली होती. वर्षानुवर्षे घडीत राहिल्याने तिच्यावर आडव्याउभ्या रेघा पडल्या होत्या, आणि ती नेसली की आईला अवघडल्यासारखे होते. आप्पा म्हणाले, रोजचेच लुगडे असू द्या, फक्त धुतलेले. फार मोठी फुले किंवा चकाकणारी जर असली, की पाहणाऱ्याची नजर आधी तिकडे जाते. गळ्यातली तुळशीची माळ मात्र राहू द्या. पुरुषांच्या बाबतीत त्यांनी दुसरी अडचण सांगितली. आपल्याकडे पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि उन्हाने रापलेला चेहरा. कॅमेरा सगळा उजेड सरसकट मोजतो. इतके पांढरे पाहून त्याला वाटते उजेड फार झाला. मग तो चित्र गडद करतो आणि चेहरा काळा पडतो. अशा वेळी उजेड चेहऱ्यावर मोजायचा. मोबाइलवर काढत असाल, तर पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाइल तिथला उजेड धरतात.

मागच्या भिंतीवर आमचे दिनदर्शिकेचे पान, विजेची तार आणि एक खुंटी होती. आप्पांनी सगळे उतरवले. खुंटी निघेना म्हणून खुर्ची हातभर सरकवली. नाहीतर फोटोत ती आईच्या डोक्यातून उगवली असती. माणूस भिंतीला टेकून बसवायचा नाही, पाच-सहा फूट पुढे बसवायचा. म्हणजे त्याची सावली भिंतीवर पडत नाही आणि भिंत थोडी पुसट होऊन चेहरा उठून दिसतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीत माणूस खचून बसतो, म्हणून लाकडी खुर्ची घेतली आणि आईच्या पाठीशी गोधडीची घडी दिली. ती फोटोत दिसली नाही, पण तिच्यामुळे आई सुखाने बसली.

कॅमेऱ्याची तयारी मी मुद्दाम चौथ्या क्रमाला सांगतो आहे. आप्पा तिला वेळही त्याच मानाने देतात. आदल्या रात्री बॅटरी भरून ठेवायची आणि एक जादा जवळ ठेवायची. कार्डावरचे जुने फोटो उतरवून ते मोकळे करायचे. भिंग मऊ कापडाने पुसायचे. तिकाटणे घ्यायचे, म्हणजे हात मोकळे राहतात आणि फोटोग्राफरला माणसाकडे पाहत बोलता येते. भिंग असे निवडायचे, की पाच-सहा फुटांवर उभे राहून चेहरा पुरेसा मोठा यावा. जवळ गेले तर काय बिघडते? आता बघा, नाकाचे टोक कानापेक्षा अंदाजे चार इंच पुढे असते. एका फुटावरून फोटो काढला, तर हे चार इंच म्हणजे अंतराचा तिसरा हिस्सा झाला. नाक मोठे आणि कान लहान दिसणारच. सहा फुटांवरून तेच चार इंच अठराव्या हिश्शाएवढे राहतात, आणि चेहरा जसा आहे तसा येतो. मोबाइल तोंडाजवळ नेऊन काढलेल्या फोटोत माणूस ओळखीचा वाटत नाही, त्याचे कारण एवढेच. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. उभ्याने खाली पाहून फोटो काढला, की समोरचा माणूस केविलवाणा दिसतो. म्हणून आप्पा स्वतःही स्टुलावर बसतात.

पूर्वीच्या फोटोग्राफरजवळ लाकडी कॅमेरा असे, काळा पडदा असे आणि मोजक्या काचा असत. एक काच वाया गेली म्हणजे पैसे गेले. त्यामुळे सगळा विचार आधीच करावा लागे. आज शंभर फोटो काढले तरी खर्च वाढत नाही. म्हणून आपण आधी काढतो आणि विचार नंतर करतो, किंवा करीतच नाही.

आधी विचार करणे म्हणजे काय, याचे एक मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावचे केकी मूस यांचे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १९१२ साली मुंबईत एका पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. इंग्लंडात जाऊन ते कला आणि छायाचित्रण शिकले. परत आले ते चाळीसगावला, आणि रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात त्यांनी पुढचे आयुष्य काढले. सुमारे पन्नास वर्षे ते घराबाहेर क्वचितच पडले. १९८९ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे घर आता कलादालन म्हणून जपले आहे. शिक्षकांनी मुलांची सहल एकदा तिकडे जरूर न्यावी. मूस यांचा विशेष म्हणजे टेबलावर रचलेली चित्रे. साध्या घरगुती वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यांच्यावर असा उजेड पाडायचा, की फोटोत एक वेगळेच जग उभे राहावे. आपल्या घराला त्यांनी 'रेम्ब्रांट्स रिट्रीट' असे नाव दिले होते. रेम्ब्रांट हा सतराव्या शतकातला डच चित्रकार. अंधारातून चेहऱ्यावर एका बाजूने उतरणारा उजेड ही त्याची ओळख. फोटोग्राफर आजही अशा उजेडाला त्याच्या नावाने ओळखतात. म्हणजे पाहा, आमच्या पडवीच्या दारातून आईच्या गालावर जो उजेड पडत होता, त्याचे नाते इतके दूरचे आणि इतके जुने निघाले. घराबाहेर न पडता मूस यांना जे साधले ते यंत्राच्या बळावर साधले नाही. उजेड कुठून येतो आणि कशावर पडतो, हे ते शांतपणे बसून पाहत आणि मग कॅमेऱ्याला हात लावत.

आता रविवारची गोष्ट. आठ वाजता आप्पा आले. तिकाटणे उभे केले, कॅमेरा बसवला आणि त्याच्याकडे पाठ करून बसले. आई खुर्चीवर बसली मात्र, एकदम ताठ झाली. पंजे गुडघ्यांवर, ओठ घट्ट. "माह्या फोटो काढून काय करता रे भाऊ? मी काय नवरी हाये?" ती म्हणाली. आप्पांनी तिला हसायला सांगितले नाही. ते भरताच्या गोष्टी काढून बसले. हिवाळ्याचे दिवस, आपल्याकडे भरिताची वांगी बाजारात आलेली. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "मावशी, वांगी गॅसवर भाजली काय न् काड्यांवर भाजली काय, चव त एकच!"

झाले. आईची मान उजवीकडे वळली, एक हात वर आला, डोळ्यांत ती चमक आली. "एक कशी असीन? कपाशीच्या काड्यांवर भाजा, बडगीत ठेचा, मंग सांगा मले!" आप्पांचा हात मागे कॅमेऱ्यावर होताच. सारे काम वीस मिनिटांत आटोपले. पण त्या वीस मिनिटांमागे तीन दिवस होते.

आठवड्याने फोटो आला. आईने तो दारात उजेडाला धरला. कपाळावरच्या आठ्या जशाच्या तशा होत्या, माळ होती, अर्धवट वर आलेला हात होता. ती हसली आणि म्हणाली, "हे मीच हाये." मग थोडा वेळ गप्प बसून तिने विचारले, "तुह्या बाबाचा असा कोनी काहून नाही काढला रे?"

श्रोतेहो, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. घरात मोबाइल होता, वडील रोज सकाळी त्याच पडवीत वर्तमानपत्र वाचत बसत, आणि तोच उजेड त्यांच्या तोंडावर पडत असे. मी कधी तिकडे त्या नजरेने पाहिले नाही. पुढे कधीतरी काढू, असे वाटत राहिले.

आपल्याच भागातली आणखी एक गोष्ट इथे आठवते. आसोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आप्त पीतांबर चौधरी यांनी ती कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या आणि १९५२ साली ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. ती लिहून घेणारे कुणी जवळ नसते, तर महाराष्ट्राला ती कळलीच नसती. माणसाचे बोल काय किंवा माणसाचा चेहरा काय, ते माणूस असतानाच टिपायला हवेत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. सातवी-आठवीच्या मुलांना एवढा एक उपक्रम द्या: प्रत्येकाने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाचा एकच फोटो काढून आणायचा. एकच, शंभर नव्हे. आदल्या दिवशी त्या माणसाजवळ बसायचे आणि त्याची परवानगी विचारायची. सकाळी किंवा सावलीत, मोकळ्या आभाळाकडे तोंड असलेले दार निवडायचे. मागची तार आणि खुंटी पाहायची. पाच-सहा फुटांवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचे. मोबाइलची काच सदऱ्याच्या टोकाने पुसायची. 'हसा' म्हणायचे नाही. त्याला जे चांगले ठाऊक आहे ते विचारायचे. पेरणीचे विचारा, बैलाचे विचारा, भरताचे विचारा. चष्म्यावर उजेड चमकत असेल, तर हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची. फोटो काढल्यावर तो आधी त्या माणसाला दाखवायचा. त्याला आवडला तरच ठेवायचा. आणि कागदावर त्याची एक प्रत छापून, मागे नाव, गाव, तारीख लिहायची. मोबाइल पडतो, फुटतो, हरवतो, आणि त्याच्याबरोबर फोटोही जातात. पेटीत ठेवलेला कागद नातवंडांपर्यंत पोचतो.

शेतकरी बंधूंनो, हे काम शाळेवर सोपवून मोकळे होऊ नका. उद्या सकाळी चहा घेताना ओट्यावर बसलेल्या आपल्या आईकडे, वडिलांकडे जरा वेळ पाहा. उजेड कोणत्या गालावर पडतो, बोलताना मान कुठे वळते, एवढेच पाहा. निम्मी तयारी तिथेच होऊन जाईल. उरलेली निम्मी रविवारपर्यंत करता येईल. त्याहून फार लांबवू नका.